कातळावरचं अर्थिंग

मे महिन्यात जव्हारच्या घरी हॅम रेडिओच्या अर्थिंगसाठी खड्डा खणायला घेतला. दीड फुटावर पहार खणकन वाजली. खाली काळा कातळ! जव्हार-मोखाड्याचं पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वर थोडी माती, थोडा मुरूम, संपलं. तीन मीटरचा रॉड ठोकणार कुठे? मग वाटलं, आधी बघू तरी की हे अर्थिंग आलं कुठून.

पहिलं काम विजेचं. १७५० च्या दशकात फ्रँकलिनने घरावर लोखंडी कांब उभी करून तिची तार जमिनीत सोडायला सांगितलं.

दुसरं काम तारायंत्राचं. १८३८ मध्ये जर्मनीत स्टाइनहाइल रेल्वेच्या रुळांतून संदेश पाठवायला गेला. करंट जमिनीत गळायला लागला. पण त्या फसलेल्या प्रयोगातून त्याला कळलं की परतीची तार लागतच नाही, जमीनच ते काम करते. तारेचा खर्च जवळपास निम्मा!

तिसरं काम मार्कोनीचं. १८९५ मध्ये त्याने यंत्राचं एक टोक उंच चढवलं, दुसरं जमिनीला जोडलं आणि रेंज एकदम वाढली. इथे जमीन अँटेनाचाच अर्धा भाग झाली. पुढे घराघरांत लाइट आली आणि शॉकपासून वाचवणं हे चौथं काम आलं.

कामं चार आणि शब्द एकच. घोळ इथेच होतो. मीही तो करणार होतो. रेडिओला 'स्वच्छ' अर्थ हवा म्हणून अंगणाच्या पलीकडे मुरूम लागला तिथे वेगळा रॉड ठोकायचा, घराच्या अर्थिंगला हातच लावायचा नाही, असं ठरवलं होतं.

आता हिशोब बघा. जवळ पडलेल्या विजेचे २०,००० अँपिअर १० ओहमच्या अर्थिंगमधून गेले, तर तिथे क्षणभर २ लाख व्होल्ट चढतात. कातळावर तर १० ओहम मिळणंही कठीण. दोन अर्थिंग वेगळी असतील, तर त्यांच्यातला फरक भरून निघतो तुमच्या रेडिओतून, किंवा त्याला हात लावून बसलेल्या माणसातून. म्हणून सगळी अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडायची. व्होल्टेज चढलंच, तर सगळ्यांचं एकत्र चढेल.

आणि वरच्या मजल्यावरून साधारण १० मीटर तार खाली सोडली, तर ७ मेगाहर्ट्झवर ती पाव तरंगलांबीची होते. तार मातीत पोचते, पण रेडिओला जमीन 'दिसत' नाही.

शेवटी खोल जायचा नाद सोडला. लायसन्सवाल्या वायरमनने घराभोवती उथळ चर खणून त्यात जीआय पट्टी पुरली, दोन ठिकाणी रॉड दिले आणि सगळं घराच्या अर्थिंगला जोडलं. अँटेनाची केबलही घरात शिरण्याआधी त्याच पट्टीला अर्थ केली.

तरी वळवाचे ढग दिसले की आत्या ओरडते, "अरे, केबल काढ आधी!" डिश टीव्हीची ती कधीच काढून बसलेली असते. मी अँटेनाची केबल काढून बाहेर टाकतो. थेट पडणाऱ्या विजेपुढे कुठल्याच पट्टीची खात्री नसते.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. पण ढग गडगडत असतील, तर चार्जरला लावलेला फोन आधी काढा!