बर्फावरचे भविष्य

दिवाळी अंक हाती आला की पुष्कळशा घरांत आधी शेवटची पाने उघडली जातात. कथा-कविता मागाहून, प्रथम वार्षिक राशिभविष्य! ‘आपला काही यावर विश्वास नाही हो,’ असे म्हणत म्हणत आजोबाही चष्मा पुसून आपली रास शोधतातच. पुढे काय होणार हे आधी कळावे, ही माणसाची हौस फार जुनी आहे, आणि तिला ग्रहतारेच लागतात असेही नाही. घोड्यांच्या शर्यती आहेत, निवडणुका आहेत, क्रिकेट आहे. युरोप, अमेरिका आणि जपान या देशांत दरसाल मार्च महिना जवळ आला की असेच आणखी एक पंचांग उघडले जाते. फिगर स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा तोंडावर आलेली असते आणि जाणकार मंडळी कागद-पेन्सिल घेऊन तीन नावे लिहू लागतात : सुवर्णपदक कोणाला, रौप्य कोणाला, कांस्य कोणाला? दर चार वर्षांनी ऑलिंपिक आले की या हौसेला आणखी भरते येते.

या ज्योतिषाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि एकदोन ठिकाणी तो जिवाला चटका लावून जातो.

आपल्याकडे बर्फ म्हटले की गोळेवाल्याची गाडी आठवते. फार तर उसाच्या रसाचा पेला. तेव्हा आधी खेळाची ओळख करून दिलेली बरी. बर्फाचे गुळगुळीत पटांगण, बुटाच्या तळाला जडवलेले पोलादी पाते, आणि संगीताच्या तालावर गिरक्या नि उड्या घेत जाणारा खेळाडू, हे दृश्य चित्रपटांतून पुष्कळांनी पाहिले असेल. पण या खेळाच्या नावातला ‘फिगर’ हा शब्द नाचाशी संबंधित नाही; त्याचा अर्थ आकृती. पूर्वी खेळाडूने पात्याच्या धारेने बर्फावर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आकृत्या कोरायच्या असत, आणि एकदा उमटलेल्या रेघेवरूनच पुन्हा दोन वेळा फिरायचे असे. मग परीक्षक बर्फावर उतरत आणि वाकून वाकून त्या रेघा निरखीत. वर्तुळ गोल आले आहे ना? तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या आहेत ना? तेथे ना संगीत, ना टाळ्या; थंडीत कुडकुडत हे पाहत बसणारे प्रेक्षकही थोडेच. परंतु कित्येक दशके एकूण गुणांतले निम्मे, कधी निम्म्याहूनही अधिक गुण या मूक चित्रकलेला मिळत. उरलेले गुण संगीतावरच्या मुक्त नृत्याचे.

हा काळ भविष्यवेत्त्यांच्या सुगीचा. ज्याचे अक्षर गेल्या वर्षी वळणदार होते त्याचे यंदा अचानक बिघडत नाही, तसेच पात्याचे. १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा स्पर्धक अवघे चार होते, आणि जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स त्यांत पहिला आला. पुढे स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हने १९०१ ते १९११ या अवधीत दहा वेळा अजिंक्यपद मिळवले. नॉर्वेची सोन्या हेनी १९२७ पासून १९३६ पर्यंत ओळीने दहा वर्षे जगज्जेती राहिली. शिवाय ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके! एवढ्या वर्षांत पहिले नाव कोणाचे लिहावे यासाठी कोणा पंडिताला डोके खाजवावे लागले नसेल.

आणि तरीही, हीच सोन्या १९२४ साली अकरा वर्षांची असताना शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये उतरली होती, तेव्हा आठ स्पर्धक मुलींत आठवी आली होती. त्या दिवशी ‘ही पोर पुढे दहा वर्षे राज्य करील’ असे कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

आता १९६१ सालाकडे यावे. आदल्या वर्षी अमेरिकेच्या कॅरल हाइसने ऑलिंपिक आणि जागतिक अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवून स्पर्धेचा निरोप घेतला होता. गादी रिकामी होती. स्पर्धा प्रागला व्हायची होती, आणि हॉलंडच्या शाउक्ये डाइकस्ट्राबरोबर आणखी एक नाव जाणकारांच्या ओठांवर होते : लॉरेन्स ओवेन. वय वर्षे सोळा. नुकतीच ती अमेरिकेची विजेती झाली होती, पाठोपाठ उत्तर अमेरिकेचे अजिंक्यपदही तिने पटकावले होते. तिची आई मॅरिबेल स्वतः १९३२ च्या ऑलिंपिकमधली कांस्यपदक विजेती, आणि तीच तिची गुरू. थोरली बहीण जोडीच्या नृत्यात अमेरिकेची विजेती. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकाने १३ फेब्रुवारीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर लॉरेन्सचे चित्र छापले. भविष्य वर्तवण्याचा याहून ठळक प्रकार तो कोणता?

१५ फेब्रुवारीच्या सकाळी न्यूयॉर्कहून निघालेले विमान ब्रुसेल्सच्या विमानतळाजवळ कोसळले. विमानातली बहात्तरही माणसे गेली. त्यांत अमेरिकेच्या चमूतले अठराच्या अठरा खेळाडू होते. त्यांचे शिक्षक, परीक्षक आणि आप्तही होते. लॉरेन्स गेली, बहीण गेली, आई गेली. मुखपृष्ठावरची ती हसरी मुलगी अजून दुकानांतून मांडलेली होती. प्रागची स्पर्धा त्या वर्षी रद्द करण्यात आली. पुढच्या वर्षी ती प्रागलाच भरली, तेव्हा डाइकस्ट्रा पहिली आली आणि महिलांच्या तीन पदकांत एकही अमेरिकन नाव नव्हते.

त्या दुर्घटनेत अमेरिकेतल्या नावाजलेल्या शिक्षकांची एक पिढीच नाहीशी झाली. हे दुःख सोसणाऱ्यांत पेगी फ्लेमिंग नावाची बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे शिक्षकही त्याच विमानात होते. १९६१ च्या कोणत्याही यादीत तिचे नाव असण्याचे कारण नव्हते. १९६६ साली ती जगज्जेती झाली आणि १९६८ साली ग्रनोबलला ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन घरी आली.

यानंतरची कथा दोन मुलींची आहे. ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा ही आकृत्या कोरण्यात अद्वितीय. तिची वर्तुळे पाहून परीक्षकांनी मान डोलवावी, आणि संगीत सुरू झाले की प्रेक्षकांनी मात्र जांभई द्यावी. अमेरिकेची जॅनेट लिन नेमकी उलट. ती नाचू लागली की बर्फ थंड आहे याचाही विसर पडे. आकृत्यांत मात्र ती मागे राहायची. १९७२ च्या फेब्रुवारीत जपानमधील साप्पोरोला ऑलिंपिक झाले. शूबाने आकृत्यांतच एवढी आघाडी घेतली की मुक्त नृत्यात सातवी येऊनही सुवर्णपदक तिचेच ठरले. मुक्त नृत्यात पहिली आली जॅनेट, आणि तेही एका गिरकीत बर्फावर बसकण मारून! पडल्यावर ती हसली, उठली आणि पुढे नाचू लागली. त्या हसण्याने जपानी प्रेक्षक तिचे झाले ते कायमचे. पदक मात्र कांस्य. कॅनडाची कॅरन मॅग्नुसन दुसरी आली.

पंडितांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले होते, आणि तरी कोणीच समाधानी नव्हते. आता दूरदर्शनवर घरोघर हा खेळ दिसू लागला होता. आकृत्या बहुधा दाखवल्या जात नसत. लोक नाच पाहत आणि मग विचारत, सातवी आलेली मुलगी पहिली कशी? अखेर नियम बदलले. १९७३ पासून आकृत्यांचे वजन उतरवले गेले आणि ठरावीक उड्या-गिरक्यांचा एक छोटा नृत्यप्रकार नव्याने घालण्यात आला. शूबा तोपर्यंत निवृत्त झाली होती. आता जॅनेट लिनचा मार्ग मोकळा! नियम जणू तिच्यासाठीच शिवलेले.

वाचकहो, १९७३ साली ब्रातिस्लावाला काय झाले असेल? ज्या आकृत्यांची धास्ती होती त्या जॅनेटने उत्तम काढल्या. आणि तिच्या सोयीचा म्हणून गाजलेल्या त्या नव्या छोट्या नृत्यात ती पडली. एकदा नव्हे, दोनदा! त्या विभागात ती बारावी गेली. शेवटच्या दिवशी मुक्त नृत्यात पुन्हा पहिली येऊन तिने रौप्यपदकापर्यंत मजल मारली, पण अजिंक्यपद मॅग्नुसनला मिळाले. जॅनेट लिन जगज्जेती कधीच झाली नाही.

हळूहळू आकृत्या मागे पडत गेल्या आणि १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून पुसल्याच गेल्या. भविष्यवेत्त्यांच्या पायाखालची ती घट्ट जमीनही त्यांच्याबरोबर गेली. आता उरली फक्त काही मिनिटांची निसरडी वाट.

ती किती निसरडी, हे २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये दिसले. अमेरिकेची मिशेल क्वान तोवर चार वेळा जगज्जेती झालेली, वय एकवीस. चार वर्षांपूर्वी नागानोला पंधरा वर्षांच्या टारा लिपिन्स्कीने तिच्या हातचे सुवर्णपदक नेले होते. यंदा घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. बहुतेक याद्यांत पहिली दोन नावे होती क्वान आणि रशियाची इरिना स्लुत्स्काया. छोट्या नृत्यानंतर क्रमही तसाच लागला : क्वान, स्लुत्स्काया, साशा कोहेन, आणि चौथी सोळा वर्षांची सारा ह्यूज.

त्या वेळचा हिशेब असा होता. छोट्या नृत्यातील क्रमांकाचे निम्मे करायचे, मुक्त नृत्यातील क्रमांक पुरा धरायचा. बेरीज जिची सर्वांत कमी ती जिंकली. चौथ्या जागेवरच्या ह्यूजला गमावण्यासारखे काही नव्हते. ती मोकळ्या मनाने नाचली, तिहेरी उडीला तिहेरी उडी जोडण्याचे अवघड काम तिने दोनदा साधले, आणि शेवटी आनंदाने तिला हसू आवरेना. मग क्वान आली आणि एका उडीत पडली. तरीही बेरीज तिच्याच बाजूची होती! क्वानचे अडीच, ह्यूजचे तीन. शेवटी यायची होती स्लुत्स्काया. ती पहिली आली असती तर सुवर्णपदक तिचे होते. ती नेमकी ह्यूज आणि क्वान यांच्या मधोमध जाऊन बसली. क्वान मुक्त नृत्यात तिसरी ढकलली गेली; तिची बेरीज साडेतीन. ह्यूज आणि स्लुत्स्काया दोघींची तीन-तीन. बरोबरी झाली की मुक्त नृत्य श्रेष्ठ, आणि तेथे नऊ परीक्षकांपैकी पाचांनी ह्यूजला वर ठेवले होते, चौघांनी स्लुत्स्कायाला. एका परीक्षकाच्या पेन्सिलीवर सुवर्णपदक फिरले. सारा ह्यूजने त्याआधी वा त्यानंतर ना अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले, ना जगाचे. क्वानने पुढे पाचवे जागतिक अजिंक्यपदही जिंकले. ऑलिंपिकचे सुवर्णपदक मात्र तिला कधीच लाभले नाही.

स्पर्धा संपल्यावर पदकविजेते प्रेक्षकांसाठी एकदा नाचतात, अशी या खेळात प्रथा आहे. क्वान त्या रात्री सोनेरी पोशाख घालून बर्फावर आली. नाचता नाचता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते सबंध जगाने पाहिले.

पुढे गुणांची पद्धतच बदलली. २००४ पासून प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला नेमका भाव ठरला. आता तरी बेरीज-वजाबाकी करून भविष्य सांगता येईल असे पुष्कळांना वाटले. २००६ साली तुरिनला छोट्या नृत्यानंतर कोहेन, स्लुत्स्काया आणि जपानची शिझुका अराकावा या तिघींत मिळून एका गुणाचेही अंतर नव्हते. पहिल्या दोघी मुक्त नृत्यात पडल्या. अराकावा शांतपणे नाचली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. नावे तीच राहिली, क्रम फिरला.

यादी करणाऱ्यांना मी हसत नाही. त्यांचा अभ्यास खोटा नसतो. तो कालपर्यंतचा असतो, इतकेच. कोणाची उडी किती उंच, कोणाचा पाय दुखावलेला, कोणते परीक्षक कोणत्या वळणाचे, हे सारे त्यांना ठाऊक असते. ज्या चार मिनिटांत हे सगळे बर्फावर ठेवायचे असते ती मात्र कोणाच्याच वहीत आधी लिहिलेली नसतात. आणि यादीत पहिले नाव ज्या मुलीचे, तिला त्या नावाचे ओझेही पात्यावर पेलावे लागते. पूर्वी ही मुलगी पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांचीच असे, आपल्या घरातल्या मॅट्रिकच्या मुलीएवढी.

म्हणून कोणी पुढच्या मार्चात तीन नावे लिहिलीच, तर ती पेन्सिलीने लिहावी. आणि आठ मुलींत आठवी आलेल्या एखाद्या पोरीसाठी खाली एक ओळ कोरी ठेवावी.