खडकीचा धूर आणि आघात-तरंगातील कण

इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस बापू गोखल्यांच्या फौजेची व इंग्रजांची खडकीस गाठ पडली. दोन्ही बाजूंच्या तोफांत जळाली ती सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू. तिच्या धुराची मीमांसा १८७५ मध्ये नोबल व एबल यांनी केली. जळालेल्या दारूच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग घनरूपाने उरतो व उर्वरित भागाचाच काय तो वायू होतो, असे त्यांना आढळले. मराठीतील ‘धूर’ या शब्दाला कण आणि वायू हा भेद ठाऊक नाही. शास्त्रालाही त्याची निकड उशिराच भासली.

खडकीस १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुढे १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि तोफेच्या वायूतून कण जवळजवळ नाहीसे झाले. याच व्हिएलने १८९९ मध्ये नळीतील पडदा दाबाने फोडून आघात-तरंग निर्माण केला. रँकिन व ह्यूगोनिओ यांची समीकरणे निखळ वायूचीच होती. आरंभी हे योग्यच होते. पण व्यवहारात धूळ वगळता येत नाही. १८४४ च्या हॅसवेल खाणीतील स्फोटानंतर फॅरडे व लायेल यांनी कोळशाच्या धुळीकडे बोट दाखविले होते. तरीही १९०६ मध्ये कूरिएर येथे १,०९९ माणसे दगावली. स्फोटाची लाट साचलेली धूळ उडविते आणि मागून येणारी ज्वाला तीच धूळ जाळते.

या विषयाचे गणित कॅरियरने १९५८ मध्ये मांडले. तरंग येताच वायूचा वेग व उष्णता एकदम वाढतात; कण मात्र क्षणभर पूर्ववतच राहतो व वायूच्या ओढीने हळूहळू त्याच्या वेगास पोहोचतो. मंद सापेक्ष गतीत हा विलंब व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहापट मोठ्या कणास शंभरपट काळ लागतो. तरंग दुर्बल असल्यास त्याची तीक्ष्ण कडाच विरून जाते.

दरम्यान १९४० मध्ये खडकीत उच्च स्फोटकांचा कारखाना निघाला होता. १९६० मध्ये पुण्यात स्फोटक संशोधन व विकास प्रयोगशाळा आली. १९९५ पासून ती उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. अग्निबाणाच्या घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड घालतात, म्हणजे हद्दपार झालेला कण आता मुद्दाम परत आणला जातो. पुडीच्या ज्वलनातून झालेले ऑक्साइडचे थेंब नळकांड्याच्या तोंडाशी वायूच्या मागे पडतात व रेटा थोडा घटवितात. परंतु तेच थेंब ज्वलनकक्षातील घातक कंपनेही शमवितात.