राजाच्या कंठ्यातील अंक

नवव्या शतकात आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा प्रदेश राष्ट्रकूटांच्या साम्राज्यात मोडत होता. जिल्ह्याच्या सीमेवरील वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूरकडील भांदक येथे पहिल्या कृष्णाचा शके ६९४ चा (इ. स. ७७२) आणि वर्ध्याकडील देवळी येथे तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा (इ. स. ९४०) ताम्रपट मिळाला, हा त्या सत्तेच्या विदर्भातील विस्ताराचा ठळक पुरावा होय. या दोन ताम्रपटांच्या मधल्या काळात, अमोघवर्षाच्या राजवटीत, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत काही उत्तरे मुद्दाम अशी योजली आहेत की, ती उजवीकडून वाचली काय किंवा डावीकडून वाचली काय, संख्या तीच राहावी; अशा संख्यांना ग्रंथकाराने राजाच्या गळ्यातील अलंकाराची उपमा दिली आहे. १३९ ला १०९ ने गुणल्यास १५१५१ येतात, हे त्यांतील सोपे उदाहरण. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून येणारी १२३४५६५४३२१ ही संख्या मात्र अधिक निरखण्याजोगी आहे. येथे गुण्य आणि गुणक दोन्ही पूर्ण वर्ग आहेत: ४४१ हा २१ चा, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ व ५२९१ यांचा गुणाकार १११,१११ असल्यामुळे उत्तर हा सहा एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग ठरतो. तो वर्ग मांडताना प्रत्येक ओळ एकेक घर सरकते, मधल्या स्तंभात सहा एक जमतात आणि कोठेही हातचा येत नाही, म्हणून अंक एकापासून सहापर्यंत चढून तसेच उतरतात. त्यांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा सहाचा वर्ग. शिष्याला आधी गुणाकार करायला लावून हे रहस्य पोटात ठेवणाऱ्या ग्रंथकाराची रसिकता दाद देण्यासारखी आहे.

हा ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. पुढे देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी याच कुळातील संख्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याच्या नावावरून त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. एकांच्या रांगांचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१ इत्यादी, हे त्यांच्या लेखी ‘अद्भुत’ डेम्लो. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा या रांगेतील शेवटचा सममित वर्ग होय. दहाव्या एकाबरोबर मधल्या स्तंभात दहा जमून हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते, जिच्या चढणीतून आठ गळालेला असतो आणि उतरणीत मात्र तो जागेवर असतो.