नाका, सुंक आणि स्मृती : अत्तिबेले सीमेवरील मालमोटार-चालकांच्या आठवणींचा इतिहासपर विचार

१

बंगळूर नागरी जिल्ह्यातील आनेकल तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी कडेला, अत्तिबेले हे गाव आहे. बंगळूरहून होसूर, कृष्णगिरी, सेलम या मार्गाने दक्षिणेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग येथून तामिळनाडूत शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता. आता तो ४४ आहे. सीमेच्या अलीकडे अत्तिबेलेची तपासणी चौकी आणि पलीकडे जुजुवाडीची. या दोन चौक्यांमधून गेल्या अर्धशतकात किती मालमोटारी गेल्या आणि त्यांतून किती कर वसूल झाला, याच्या नोंदी राज्यांच्या दप्तरांत आहेत. गाडी चालवणारा माणूस तेथे किती वेळ थांबला, कोणत्या भाषेत बोलला आणि काय गिळून पुढे गेला, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. ती केवळ चालकांच्या आठवणींत आहे.

सीमा ओलांडण्याच्या आठवणी हा युरोपात मौखिक इतिहासाचा विषय झाला. भारतातील आंतरराज्य नाक्यांना तसे अभ्यासक लाभले नाहीत, कारण देशांतर्गत सीमा ही सीमाच नव्हे अशी आपली घटनात्मक धारणा आहे. प्रस्तुत निबंधात अत्तिबेलेचा नाका केंद्रस्थानी ठेवून दोन प्रश्नांचा विचार केला आहे. करवसुलीचे ठिकाण हे कथनाचे ठिकाण कसे होते? आणि कायद्याने नाका उठल्यावर सीमाही उठते काय?

२

अत्तिबेले आणि होसूर यांच्यामधील रेषा भाषावार प्रांतरचनेच्या आधीची आहे. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूरचे संस्थान आणि कंपनीचा मद्रास इलाखा वेगळे झाले, आणि आनेकल संस्थानात, तर होसूर इलाख्याच्या सेलम जिल्ह्यात गेले. त्यामुळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने येथे नवी रेषा आखली नाही. जुन्या रेषेला भाषेचा अर्थ दिला. तोवर ही रेषा नित्याच्या येण्याजाण्याआड आलेली नव्हती. होसूरजवळच्या तोरपळ्ळीत जन्मलेले चक्रवर्ती राजगोपालाचारी शिक्षणासाठी बंगळूरला गेले, ही गोष्ट त्या काळी कोणाला परराज्यगमनाची वाटली नसावी.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे बहुभाषिक काव्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. व्यंकोजीराजे बंगळूरहूनच तंजावरास गेले आणि तेथे मराठीचे एक दूरचे घर उभे राहिले. दरबारातील बहुभाषिकतेचा अभ्यास झाला. रस्त्यावरील बहुभाषिकतेचा झाला नाही. नाक्यावरच्या खिडकीशी कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारे लोक रोज एकाच रांगेत उभे राहत होते, हे भाषिक वास्तव जयराम पिंड्यांच्या काव्याइतकेच लक्ष देण्याजोगे आहे.

३

नाक्याशी निगडित शब्दांचा प्रवास पाहिला तर या संस्थेचे वय कळते. संस्कृत ‘शुल्क’ कन्नडमध्ये ‘सुंक’ झाले आणि तमिळमध्ये ‘सुंगम्’. बंगळूरच्या मागडी रस्त्यावरील ‘सुंकदकट्टे’ या वस्तीच्या नावात सुंकाचा कट्टा, म्हणजे जकातीची जागा, अजून शिल्लक आहे. मराठीने अरबी-फारसीतून ‘जकात’ घेतली. मूळ धर्मदायाचा हा शब्द मराठीत येईतो मालावरील कराचा झाला. ‘मामूल’ या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. मराठीत त्याचा अर्थ वहिवाट, नेहमीचा परिपाठ. कन्नड, तमिळ आणि तेलुगू बोलीत मात्र अधिकाऱ्याला ठरल्याप्रमाणे द्यावयाची लाच. कागल ओलांडून दक्षिणेत उतरणाऱ्या मराठी चालकाला आपल्याच शब्दाचा हा दुसरा अर्थ नाक्यावर शिकावा लागे. मराठीत त्या अर्थी ‘हप्ता’ होता. एका भाषेने नियमितपणावरून आणि दुसरीने रूढीवरून लाचेला नाव दिले. अपवाद म्हणून दोहोंनीही तिच्याकडे पाहिले नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंतपाल हा सीमेवरील अधिकारी मालाच्या वाहनामागे सव्वा पण ‘वर्तनी’ घेतो आणि त्या बदल्यात वाटेवरील चोरीची जबाबदारी त्याच्यावर येते. कर आणि संरक्षण यांचा हा करार चालुक्यकालीन कन्नड शिलालेखांतील ‘पेर्जुंक’, ‘वड्डरावुळ’ या करांपर्यंत आणि नाणेघाटातील ज्या दगडी रांजणाला लोकपरंपरा जकातीचा रांजण मानते तेथपर्यंत निरनिराळ्या रूपांत दिसतो. जकात उठवणे हे राजाच्या औदार्याचे लक्षण मानले जाई. पहिला कुलोत्तुंग चोळ (राज्यकाल १०७०–११२२) ‘सुंगम् तविर्त्त’, म्हणजे सुंक उठवणारा, या बिरुदाने ओळखला जातो.

साहित्यानेही नाक्याची दखल घेतली आहे. बाराव्या शतकातील शरणांमध्ये सुंकद बंकण्ण हा वचनकार व्यवसायाने जकातदार होता आणि त्याच्या वचनांत जकातीची परिभाषा अध्यात्माच्या कामी आली आहे. व्रजभाषेतील दानलीलेत आणि गुजरातीतील ‘दाण’विषयक पदांत कृष्ण हाच नाकेदार होतो. मराठी तमाशातील गवळण याच कुळातली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात, मागणी करतात, आणि मावशी तोंडाच्या बळावर त्यांना पुरून उरते. वाट अडवणारा, अडवली गेलेली बाई, हक्काची भाषा आणि तिला दिलेले तिरकस उत्तर ही या प्रवेशाची रचना. नाक्यावरच्या साहेबाला शब्दांत पकडून गाडी कशी काढली, ही गोष्ट एखादा मराठी चालक रंगवून सांगतो तेव्हा त्याच्या कथनाचा साचा बहुधा याच परंपरेतून आलेला असतो. अशी गोष्ट इतिहासाचा पुरावा म्हणून वाचताना हा साचा वजा करून चालत नाही. सांगणाऱ्याला प्रत्यक्षात जे मिळाले नाही ते त्यात मिळालेले असते.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नाका नेमका कसा चाले, हे समजल्याखेरीज त्याच्या आठवणी कळणार नाहीत. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त ठरवले. प्रत्यक्षात १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यान्वये आंतरराज्य विक्रीवरील कर माल निघाला त्या राज्याला मिळे, आणि आपल्या हद्दीत आलेला माल करावाचून विकला जाऊ नये म्हणून प्रत्येक राज्य सीमेवर पहारा ठेवी. या विसंगतीवर न्यायालयांत दीर्घकाळ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राजस्थानातील मोटार वाहतूकदारांच्या खटल्यात ‘भरपाईस्वरूप कर’ ही कल्पना मान्य केली आणि २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडीत काढली. या दोन निर्णयांमधली ५४ वर्षे म्हणजेच अत्तिबेलेसारख्या नाक्यांचा भरभराटीचा काळ.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतले ओतकाम होसूरच्या वाहन-कारखान्याकडे घेऊन निघालेली गाडी उदाहरणादाखल घेता येईल. ती निपाणीजवळ कोगनोळीला कर्नाटकात शिरे आणि सुमारे सहाशे किलोमीटर चालून अत्तिबेलेला बाहेर पडे. माल कर्नाटकात उतरायचा नसल्यामुळे चालकाने प्रवेशाच्या नाक्यावर ट्रान्झिट पास घ्यायचा आणि बाहेर पडताना तो ठरल्या मुदतीत परत करायचा. तो परत झाला नाही तर माल राज्यातच विकला गेला असे कायदा गृहीत धरी. मध्ये टायर फुटला, पाटा तुटला, चालक आजारी पडला, तरी हे गृहीतक उभेच. गाडी गेली की नाही हे गाडीवरून ठरत नसे, कागदावरून ठरे. म्हणूनच चालकाच्या लेखी कागदांची पिशवी गाडीतल्या मालाहून मोलाची होती.

विक्रीकराच्या खिडकीनंतर परिवहन खात्याची खिडकी. २०१० पर्यंत राष्ट्रीय परवान्यासाठी मालकाला राज्ये निवडून प्रत्येकाचे शुल्क स्वतंत्र भरावे लागे. त्या वर्षी साऱ्या देशासाठी एकत्रित शुल्काची पद्धत आली. त्यापुढे वजन, उंची, बाहेर आलेला माल. नियमभंग झाला असो वा नसो, प्रत्येक खिडकीशी काहीतरी ठेवावे लागे. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये मालवाहतुकीतील लाचेचा देशभरचा अंदाज वर्षाला २२,२०० कोटी रुपये इतका दिला होता. हा पैसा मालक प्रवासखर्चात धरून चालकाच्या हाती देई. कमी लागला तर उरलेला चालकाचा, जास्त लागला तर भुर्दंडही त्याचाच. नाक्यावरची घासाघीस ही त्यामुळे चालकासाठी राज्यव्यवस्थेवरील भाष्य नव्हती, पदरच्या मिळकतीचा प्रश्न होती.

५

याच दशकांत युरोपातील चालक ब्रेनर खिंडीत, माँ ब्लाँ बोगद्याशी आणि तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेवरील कापिकुलेला रांगेत उभे होते. १९५९ चा आणि पुढे १९७५ चा टीआयआर करार झाल्यामुळे मोहोरबंद माल मधल्या देशांत न उघडता नेता येई. कोगनोळी-अत्तिबेलेच्या ट्रान्झिट पासचे हे थोरले भावंडच. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटालियन आणि फ्रेंच सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या आंदोलनाने अडकून पडलेल्या मालमोटार-चालकांनी फ्रान्सभर रस्ते रोखले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात सारब्रुकेनचा करार झाला, १९८५ मध्ये शेंगेनचा. आणि १ जानेवारी १९९३ पासून एकात्म बाजारपेठेतील सीमाशुल्क तपासणी संपली. सीमा उठवण्याच्या कथेत तेथील चालक कर्ता म्हणून उभा आहे.

भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पहिल्या तीन दिवसांत २२ राज्यांनी विक्रीकराचे नाके बंद केले. त्यांत कर्नाटक, तामिळनाडू आणि महाराष्ट्र होते. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आले. परिवहन खात्याच्या चौक्या काही राज्यांत पुढेही राहिल्या, तरी कागदांची पिशवी हलकी झाली. या कथेत मंत्री, अर्थतज्ज्ञ, करसल्लागार आणि उद्योगपती आहेत, चालक नाही. वाहतूकदारांच्या संघटनांनी नाक्यांविरुद्ध वर्षानुवर्षे संप केले, पण विजयाच्या अधिकृत वृत्तांतात चालकाच्या वाट्याला आला तो वाचलेल्या तासांचा आकडा. तुलनेने दिसणारा हा फरक अनुभवातला कमी आणि नोंदीतला अधिक आहे.

६

नाक्यासोबत सीमाही गेली असे मानणे मात्र घाईचे ठरेल. कावेरी लवादाचा अंतरिम निवाडा डिसेंबर १९९१ मध्ये राजपत्रात आला आणि बंगळूरमध्ये तमिळ भाषकांविरुद्ध हिंसाचार उसळला. १२ सप्टेंबर २०१६ रोजी, पुन्हा कावेरीच्याच पाण्यावरून, तामिळनाडूच्या क्रमांकाच्या बसगाड्या आणि मालमोटारी बंगळूरमध्ये जाळल्या गेल्या. त्या दिवसांत वाहने सीमेच्या दोन्ही अंगांना उभी राहिली आणि प्रवासी जुजुवाडी ते अत्तिबेले हे अंतर सामान घेऊन पायी तोडत होते. १९८९ पासून देशभर रूढ झालेली ‘केए’, ‘टीएन’, ‘एमएच’ ही अक्षरे नोंदणीच्या सोयीसाठी होती. अशा दिवशी ती चालकाची जात होऊन बसली. गाडीवरची अक्षरे आणि चालकाची भाषा एकच असतील असेही नाही. तामिळनाडूच्या गाडीवर कन्नड चालक असू शकतो, पण अक्षरे वाचणारा ते विचारीत नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत हीच रेषा तिसऱ्या कारणाने पुन्हा जागी झाली. युरोपातही २०१५ पासून काही देशांनी अंतर्गत सीमांवर तपासणी परत आणली आणि डिसेंबर २०२० मध्ये डोव्हरजवळ हजारो मालमोटारी अडकून पडल्या.

करसीमा कायद्याने आखली आणि कायद्यानेच पुसली. भाषिक सीमा अशी पुसता येत नाही. ती एरवी निद्रिस्त असते आणि तिची खरी नोंद ठेवतो तो तिच्यावरून रोज जाणारा माणूस. या जागेवर कधी चहा पाजला गेला आणि कधी याच जागेवर काच फुटली, हे त्याला एकाच वेळी आठवते.

७

मौखिक साधनांविषयी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मांडलेला विचार येथे उपयोगी आहे. आठवणीतील चूक टाकून द्यायची नसते. ती का झाली हे शोधायचे असते. १९९१ आणि २०१६ यांची एखाद्या चालकाच्या सांगण्यात सरमिसळ झाली तर तो केवळ विसरभोळेपणा नव्हे; त्याच्या लेखी ती एकच घटना दोनदा घडली आहे. कालनिश्चितीची साधने याच कथनात सापडतात. ‘टाटा-मर्सिडीज’ असा गाडीचा उल्लेख आला तर १९५४ ते १९६९ या सहकार्यकाळातील बांधणीची ती गाडी. परवान्यावरील राज्यांची यादी आली तर २०१० पूर्वीचा प्रवास. ट्रान्झिट पास आला तर २०१७ पूर्वीचा.

नाक्याविषयी हळहळ वाटून घेण्याचे कारण नाही. तेथे माणसांचा वेळ, पैसा आणि मान गेला. परंतु जुजुवाडी-अत्तिबेलेच्या रांगांत उभे राहिलेले चालक आज उतारवयात आहेत आणि त्यांच्या जागी आलेल्या पिढीला ट्रान्झिट पास ठाऊक नाही. ही कथने मराठी, कन्नड आणि तमिळ या तिन्ही भाषांत एकत्र गोळा झाली तरच त्यांचा अर्थ लागेल, कारण एका भाषेतला नाकेदार हा दुसऱ्या भाषेतला शेजारी आहे. तौलनिक साहित्याने आजवर ग्रंथ सीमा कशा ओलांडतात हे पाहिले. माल घेऊन सीमा ओलांडणाऱ्या माणसांनी आपली वाट कशी सांगितली, हे पाहण्यासाठी हाती उरलेली वर्षे थोडी आहेत.