ऐशीं वर्षांचा उंबरठा : अतिवृद्धांचीं साहसकर्में आणि दंडविचार

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे शिरोडें लागतें, मग रेडी, आणि रेडीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर तेरेखोलचा किल्ला. १८१२ सालीं वाडीकर सावंतांशीं झालेल्या तहानें वेंगुर्लें कंपनी सरकारकडे आलें; तेरेखोल १७४६ पासून पोर्तुगीजांकडे होता; पूर्वेस सावंतवाडीचें संस्थान उरलें. एवढ्याशा टापूंत राज्यें निरनिराळीं, म्हणून दंडविधानेंही निरनिराळीं. त्यांतील एका बाबीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अत्यंत वृद्ध मनुष्याच्या हातून खून, जखम, मारहाण असें कृत्य (धर्मशास्त्राच्या परिभाषेंत ‘साहस’) घडल्यास त्याच्या वयाचा विचार कायद्यानें कोठें आणि किती करावा, ही ती बाब होय.

वेंगुर्ल्यास १ जानेवारी १८६२ पासून हिंदी दंडसंहिता लागू झाली. तींत सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य गुन्हा नव्हे, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहावी, असें स्पष्ट सांगितलें आहे. वरच्या टोकास मात्र अशी मर्यादा नाहीं. चौऱ्यांशींव्या कलमांत बुद्धिभ्रंशाची सवलत आहे, पण ती कोणत्याही वयाच्या आरोपीस सारखीच. उलट पोर्तुगालच्या १८८६ च्या दंडसंहितेंत अपराधाची तीव्रता कमी करणारीं जीं कारणें मोजलीं आहेत, त्यांत सत्तर वर्षांवरील वय हें उघड नांव घेऊन घातलें आहे. म्हणजे रेडीस पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यानें कोयती उगारून कोणाचा प्राण घेतला, तर वयाचा मान राखणें न राखणें न्यायाधीशाच्या मर्जीवर. तेंच वेशीपलीकडे तेरेखोलांत घडलें, तर वयाचा विचार करणें न्यायाधीशास भाग होतें. हा भेद १९६१ त गोवा मुक्त झाल्यावर व तेथें भारतीय दंडसंहिता आल्यावर मिटला. त्या मिटण्यांत कांहीं हरवलें काय, हें पाहण्यासारखें आहे.

इंग्रजी कायद्यास म्हातारपण अगदींच दिसत नव्हतें, असें मात्र नाहीं. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याप्रमाणें, ज्याचें वय पंचेचाळिसावर आहे असें न्यायाधीशास वाटेल, त्या पुरुषास फटक्यांची शिक्षा देतां येत नसे. ‘वाटेल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या काळीं किनाऱ्यावरील गाबित वा भंडारी कुटुंबांत जन्मपत्रिका क्वचितच असावयाची आणि वय सांगावयाचें तें अमक्या वादळाच्या किंवा तमक्या सांथीच्या खुणेनें, त्या काळीं आरोपीचे पिकलेले केस व वांकलेली कंबर हाच पुरावा. फटक्यांची शिक्षाच १९५५ सालीं रद्द झाली. पण ही सवलत पाठीची होती, दोषाची नव्हती.

अतिवृद्ध आरोपीचा सर्वांत गाजलेला खटला त्याच राजवटींतला आहे. १८५८ च्या आरंभीं दिल्लीस बहादूरशहावर खटला चालला, तेव्हां तो ८२ वर्षांचा होता, आणि आरोपांत बायकामुलांसुद्धां ४९ जणांच्या हत्येचाही समावेश होता. आपण शिपायांच्या हातांतील बाहुलें होतों, असा त्याचा बचाव होता. त्याचा जीव वांचला तो वयामुळें नव्हे; शरण येतांना हडसननें दिलेल्या अभयवचनामुळें वांचला. पुढें रंगूनास १८६२ त तो वारला.

आतां आपल्या शास्त्राकडे वळूं. ऐशीं वर्षांवरील मनुष्य, सोळा वर्षांखालील मूल, स्त्री आणि रोगी यांस अर्धें प्रायश्चित्त, हा नियम निबंधकारांना सर्वत्र मान्य आहे. पुष्कळ लोक यावरून आपल्याकडे ऐशींनंतर अपराध माफ असे, असें खुशाल समजतात. तें चुकीचें आहे. प्रायश्चित्त म्हणजे उपास व कृच्छ्रें. तीं जर्जर शरीरास झेपत नाहींत, म्हणून निम्मीं. पाप मात्र पुरतेंच धरलें आहे. मनूनें नवव्या अध्यायांत स्त्रिया, मुलें, वेडे, वृद्ध, दरिद्री व रोगी यांस राजानें वेल, वेळूची कांब वा दोरी अशा हलक्या साधनांनीं शिक्षा करावी असें म्हटलें आहे; तेथेंही शिक्षा आहेच. कौटिल्य वृद्धांस चौकशींत यातना देऊं नये म्हणतो, आणि राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस त्यांस बंदिवासांतून सोडावें असेंही सांगतो.

आणि याच मनूनें आठव्या अध्यायांत अंगावर चालून येणारा आततायी गुरु असो, बाल असो वा वृद्ध असो, त्यास ठार मारावें असें म्हटलें. विज्ञानेश्वरास हें फार कठोर वाटलें. मिताक्षरेंत तो म्हणतो कीं हा अर्थवाद होय. अत्यंत अवध्य असे गुरु इत्यादिही मारावे, मग इतरांची काय कथा, एवढाच त्याचा आशय. ब्राह्मणादि आततायी आपल्या रक्षणासाठीं, मारण्याचा हेतु न धरतां अडवितांना चुकून मेले, तर अल्प प्रायश्चित्त पडतें व राजदंड पडत नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. वेंगुर्लें १९८१ पर्यंत ज्या रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, त्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं हा वाद विस्तारानें मांडला आहे. जिज्ञासूंनीं तो मुळांतून पाहावा.

आमच्या मतें खरा प्रश्न या सर्व वचनांच्या मधल्या फटींत राहिला. मनूच्या यादींत वेडा निराळा, वृद्ध निराळा. पण जो म्हातारपणामुळेंच वेडा झाला, त्याचें काय? मराठी भाषेला तो चांगला ठाऊक आहे. ‘साठी बुद्धि नाठी’ ही थट्टा झाली. पण ‘म्हातारचळ’ हा शब्द थट्टेपलीकडचा आहे. ज्यास तो लागला, तो रात्रीं उठून चालूं लागतो, सुनेस चोर समजतो, उशाशीं काठी घेऊन निजतो. घरोघरीं लोकांनीं पाहिलेली ही अवस्था शास्त्रकारांनीं निराळी काढली नाहीं आणि १८६० च्या संहितेच्या कर्त्यांनींही नाहीं. जर्मन वैद्य आल्झायमर यानें स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचें वर्णन केलें तें १९०६ त.

आज तीच सवलत, क्रमांक बदलून, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या बाविसाव्या कलमांत आहे. कृत्याच्या क्षणीं आरोपीस कृत्याचें स्वरूप, किंवा तें अयोग्य वा बेकायदा आहे हें कळत नव्हतें काय, एवढेंच तेथें पाहावयाचें. आणि तें दाखविण्याचा भार, दाह्याभाई ठक्कर खटल्याच्या १९६४ च्या निकालाप्रमाणें, आरोपीवर. तरुण वेड्याचा झटका शेजाऱ्यांस दिसतो. म्हाताऱ्याचा भ्रम सकाळीं नसतो, दिवे लागणीस येतो, आणि साक्ष द्यावयास बहुधा घरचींच माणसें. ज्याच्यावर घाव पडला तोही त्यांतलाच. अशा ठिकाणीं भार आरोपीवर ठेवणें म्हणजे ज्याची आठवण गेली त्यालाच आठवावयास सांगणें होय.

वयाची गोष्ट शेवटीं शिक्षेच्या प्रसंगीं निघते. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यांत डॉ. चितळे यांनीं फांशी टाळण्याचीं जीं कारणें सुचविलीं, त्यांत आरोपी तरुण किंवा वृद्ध असणें हें एक होतें, आणि न्यायालयानें तीं कारणें निःसंशय विचारार्ह मानलीं. २०२२ सालीं स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त साठ वर्षांवरील ज्या पुरुष कैद्यांची निम्मी शिक्षा भोगून झाली होती, त्यांस सोडण्याची योजना केंद्रानें काढली. कौटिल्याची पौर्णिमा आणि स्मृतिकारांचें ‘अर्धें’, दोन्ही तींत ओळखूं येतात. मात्र जन्मठेपेचे व मृत्युदंडाचे कैदी तींतून वगळलेले होते, म्हणजे खुनाबद्दल शिक्षा भोगणारा म्हातारा तुरुंगांतच राहिला.