डिबाय नावाचा माणूस



माझी नात यंदा बारावीला आहे, शास्त्र शाखेला. तिच्या पुस्तकात 'डिबाय' असं एक एकक आलं. "आजोबा, हा डिबाय कोण?" तिने विचारलं. पुस्तकात त्या माणसाविषयी एक ओळसुद्धा नव्हती. मी पडलो इतिहासाचा मास्तर, तोही मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. शास्त्र माझा प्रांत नव्हे. पण माणूस कोण होता हे शोधणं माझ्याच प्रांतात येतं. मग काही दिवस तोच नाद लागला.

आधी थोडं शास्त्र. (ज्यांना येतं त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) एक धन प्रभार आणि तेवढाच एक ऋण प्रभार, दोघे एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर. या जोडीला विद्युत द्विध्रुव म्हणतात. बेरीज शून्य. म्हणजे दुरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे काहीच नाही. पण काहीच नाही असं होत नाही, कारण दोघांपैकी एक आपल्याला तीळभर जवळ असतो आणि त्याचा जोर तेवढाच जास्त पडतो. हा उरलेला जोर लवकर मावळतो. एकट्या प्रभारापासून दुप्पट लांब गेलात तर त्याचं विद्युत क्षेत्र चौथाई होतं. द्विध्रुवाचं मात्र एक अष्टमांशच उरतं. आणखी एक गंमत: ते सगळ्या दिशांना सारखं नसतं. द्विध्रुवाच्या रेषेतच उभं राहिलं तर जेवढं क्षेत्र लागतं, त्याच्या निम्मंच तेवढ्याच अंतरावर बाजूला काटकोनात उभं राहिल्यावर लागतं, आणि तेही उलट्या दिशेने! धन टोकातून निघून वळसा घेत ऋण टोकात शिरणाऱ्या बलरेषा तुम्ही पुस्तकात पाहिल्या असतील. अशा रेषांनी विचार करायची सवय मायकेल फॅरडेने लावली. तो मूळचा बुकबाइंडरकडचा उमेदवार. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

आता आपला माणूस. पीटर डिबाय. जन्म २४ मार्च १८८४, हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट गावी. शिक्षण सरहद्दीपलीकडे जर्मनीत आखेनला, तेही विद्युत अभियांत्रिकीचं. तिथे सोमरफेल्डसारखे गुरुजी भेटले आणि गडी भौतिकशास्त्राकडे वळला. १९११ मध्ये झुरिक विद्यापीठात आइन्स्टाइनच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्याची नेमणूक झाली. वय सत्तावीस!

१९१२ मध्ये त्याने जो विचार मांडला तो मला फार आवडला. पाणी विद्युत क्षेत्रात ठेवलं तर ते त्या क्षेत्राला बरंच दाबून टाकतं. हे मोजणारा एक आकडा असतो, परावैद्युत स्थिरांक. हवेचा जवळजवळ एक, तेलाचा दोनच्या आसपास, आणि पाण्याचा चक्क ऐंशी! त्यातही पाणी तापवलं की आकडा उतरतो. शून्य अंशाला अठ्ठ्याऐंशी, उकळताना पंचावन्नच्या आसपास. असं का व्हावं?

डिबाय म्हणाला, काही पदार्थांचे रेणू जन्मतःच द्विध्रुव असतात. बाहेरून क्षेत्र लावलं की ते त्याच्याकडे तोंड करून उभे राहू पाहतात, पण उष्णतेची धक्काबुक्की त्यांना स्थिर राहू देत नाही. शाळेत प्रार्थनेला मुलं झेंड्याकडे तोंड करून उभी असतात ना, तसं. जितका दंगा जास्त तितकी रांग विस्कटलेली. म्हणून तापमान वाढलं की परिणाम कमी. ही रांग तापमानागणिक किती विस्कटते ते मोजायचं आणि त्यावरून एकेका रेणूचा द्विध्रुव किती जोरकस ते काढायचं. न दिसणाऱ्या रेणूची ठेवण थर्मामीटर लावून ओळखायची, म्हणा ना!

आणि ती ओळखता आलीही. कार्बन डायऑक्साइडचं उत्तर शून्य येतं. म्हणजे दोन ऑक्सिजन कार्बनच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषेत, रस्सीखेचीतल्या दोन तुल्यबळ संघांसारखे. पाण्याचं येतं १.८५ डिबाय, म्हणजे पाण्याचा रेणू सरळ नाही, वाकडा आहे. हा वाकडेपणा नसता तर मीठ पाण्यात आजच्यासारखं विरघळलं नसतं. सूनबाईच्या मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो तोही मुख्यतः याच द्विध्रुवांमुळे. आतलं क्षेत्र सेकंदाला जवळपास अडीचशे कोटी वेळा मागेपुढे होतं आणि पाण्याचे रेणू त्याच्यामागे वळता वळता हैराण होतात. १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल डिबायला मिळालं त्यात हे द्विध्रुवाचं काम होतं, आणि क्ष-किरणांचंही.

इथपर्यंत सगळं छान. पुढचं वाचताना मात्र मी थांबत थांबत वाचलं.

नोबेल मिळालं तेव्हा डिबाय बर्लिनमध्ये होता, कैसर विल्हेल्म भौतिकशास्त्र संस्थेचा संचालक. नागरिकत्व डच, पगार जर्मन, आणि सत्ता हिटलरची. १९३७ मध्ये तो जर्मन भौतिकी परिषदेचा अध्यक्ष झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनागृहं आणि दुकानं जाळली, फोडली गेली. त्यानंतर महिन्याभरातच, ९ डिसेंबरला, अध्यक्ष डिबायच्या सहीने सदस्यांना पत्र गेलं. परिस्थितीच्या रेट्यामुळे जर्मन ज्यूंचं सदस्यत्व यापुढे चालू ठेवता येत नाही, तरी संबंधितांनी आपला राजीनामा कळवावा, अशा आशयाचं. शेवटी 'हाइल हिटलर'. तोवर बरेच ज्यू शास्त्रज्ञ देश सोडून गेलेच होते, उरलेले मोजके. त्या मोजक्यांसाठी हे पत्र.

आता याच वर्षाचा जुलै महिना पाहा. लीझ माइट्नर या थोर शास्त्रज्ञबाई, जन्माने ज्यू, बर्लिनमध्ये अडकल्या होत्या. पासपोर्ट ऑस्ट्रियाचा आणि ऑस्ट्रिया हा देशच उरलेला नाही. त्यांना गुपचूप हॉलंडला न्यायचा बेत ठरला. डर्क कॉस्टर नावाचा डच प्राध्यापक न्यायला आला. बर्लिनमधून हॉलंडकडे गुप्त निरोप पोचवणारा, या बेतातला महत्त्वाचा दुवा होता पीटर डिबाय. माइट्नरबाई सुखरूप निसटल्या. पकडला गेला असता तर डिबायची काय गत झाली असती, ते सांगायला नको.

जुलैत एकीला वाचवणारा आणि डिसेंबरात इतरांना बाहेर काढणाऱ्या कागदावर सही करणारा हात एकच.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, संस्था लष्कराच्या कामाला जुंपली जाणार असं ठरलं, आणि डिबायला सांगण्यात आलं की जर्मन नागरिकत्व घे. त्याने नाही म्हटलं. १९४० च्या आरंभी तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. संचालकपद मात्र सोडलं नाही, रजा घेतली! मुलगी बर्लिनमध्येच राहिली होती. आइन्स्टाइनने त्याच्याविषयीचा संशय कॉर्नेलला कळवला होता, तरी विद्यापीठाने त्याला ठेवून घेतलं. १९४६ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला आणि १९६६ मध्ये तिथेच वारला.

मग चाळीस वर्षं सगळं शांत. २००६ मध्ये एका डच लेखकाच्या पुस्तकाने ते पत्र पुन्हा उजेडात आणलं. महिन्याभरात उट्रेख्ट विद्यापीठाने आपल्या संस्थेवरून डिबायचं नाव काढलं. (१९१२ ते १९१४ तो तिथे प्राध्यापक होता.) मास्ट्रिख्टनेही त्याच्या नावाच्या पुरस्काराशी संबंध तोडला. कॉर्नेलने चौकशी करून नाव ठेवलं. हॉलंडमध्ये मग इतिहासकारांना कामाला लावलं गेलं. त्यांचा अहवाल २००७ मध्ये आला. त्यात डिबाय कट्टर नाझी नव्हता, पण दोन्हीकडच्या वाटा मोकळ्या ठेवणारा होता, असा सूर होता. २००८ मध्ये एका समितीने नाव परत द्यावं असं सुचवलं आणि उट्रेख्टने ते दिलं.

मला विचाराल तर आधी नाव काढून मग अभ्यास करायचा, हा क्रमच उलटा झाला. पण म्हणून ते पत्र हलकं होत नाही. 'वरून दबाव होता' हे शब्द मी नोकरीत पुष्कळ ऐकले आहेत, फार किरकोळ गोष्टींसाठी. दबाव होता हे खरंच. तरीही पत्र ज्याच्या हातात पडलं असेल त्याने पाकीट फोडून खालची सही वाचली असेल, आणि ती ओळखीची असेल. माइट्नरबाईंची सुटका या पत्रातून वजा करता येत नाही, आणि हे पत्र त्या सुटकेतून. नातीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "मग तो चांगला की वाईट?" मी म्हटलं, तारखा लिहून घे.

एकक मात्र या सगळ्या गदारोळात जागचं हललं नाही. खरं तर ते अधिकृत आंतरराष्ट्रीय पद्धतीत बसत नाही. पण त्या पद्धतीत पाण्याचा आकडा लिहायचा म्हणजे दशांश चिन्हापुढे एकोणतीस शून्यं आणि मग ६१७. त्यापेक्षा १.८५ लिहिणं सोपं, म्हणून रसायनवाले अजून डिबायच वापरतात.