दप्तर आणि दप्तरदार : मराठी राज्यातील ज्ञानरक्षणाचा प्रश्न

कोणत्याही मोठ्या संस्थेचे ज्ञान दोन ठिकाणी साठविलेले असते. काही भाग तिच्या कागदपत्रांत असतो व काही भाग ती कागदपत्रे लिहिणाऱ्या, लावणाऱ्या व वाचणाऱ्या माणसांच्या ठिकाणी असतो. पहिला भाग डोळ्यांना दिसतो. दुसरा, माणूस निघून गेल्यावाचून बहुधा ध्यानात येत नाही. अलीकडे 'ज्ञानव्यवस्थापन' या नावाने ज्या प्रश्नाची चर्चा व्यापारी संस्थांत व शासनसंस्थांत चालते तो मूलतः हाच होय. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ व १९६६ च्या आपल्या ग्रंथांतून अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली आणि १९९५ मध्ये नोनाका व ताकेउची या जपानी अभ्यासकांनी ती उद्योगसंस्थांना लावून दाखविली. तथापि प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे एक अत्यंत बोधप्रद उदाहरण उपलब्ध असून ते म्हणजे पेशव्यांचे हुजूर दप्तर. या दप्तराची घडण, विघटन व पुनरुद्धार यांचा या एकाच दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

राज्यकारभारातील ज्ञान व्यक्तीच्या हातून काढून संस्थेच्या स्वाधीन करण्याचा प्रयत्न शिवकालापासूनच दिसतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हे त्याचे ठळक गमक होय. त्यातील शब्द दहा वर्गांत लावलेले असून त्यांपैकी एक वर्ग केवळ लेखनव्यवहाराचा आहे. फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा कोश एवढीच त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. पण कारभाराची परिभाषा एकदा ठरवून ती सर्वांस सारखीच उपलब्ध करून देणे, हे त्याचे दुसरे कार्य तितकेच महत्त्वाचे होते. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र लिहिले गेले. एका अनुभवी मुत्सद्द्याने आयुष्यभर जमविलेली राजनीती पुढील पिढीच्या हाती लेखी स्वरूपात देण्याचा तो प्रयत्न आहे.

तरीही त्या काळी ज्ञानाचे मुख्य वसतिस्थान माणूस हेच होते. बाळाजी आवजी चिटणिसांविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहिण्यास सवड न झाल्याने त्यांनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण मजकूर जणू लिहिलेलाच आहे अशा रीतीने वाचून दाखविला. आख्यायिका म्हणून तिचे ऐतिहासिक मूल्य बेताचेच. परंतु उत्तम कारकुनाविषयी त्या समाजाची कल्पना काय होती, हे तीवरून चांगले कळते. मायना, मजकुराचा क्रम, पूर्वीच्या पत्रव्यवहाराचा संदर्भ हे सारे त्याच्या मुखी असावे, अशी अपेक्षा होती.

या स्थितीचा एक लाभ पुढे अनपेक्षितपणे दिसून आला. १६८९ त रायगड मोगलांच्या हाती पडला. शिवकालीन राजदप्तराचा फार थोडा अंश आज उपलब्ध आहे. राजधानी गेली, छत्रपती दूर जिंजीस गेले. पण राज्य चालू राहिले. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, प्रल्हाद निराजी, बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ इत्यादी माणसे शिल्लक होती आणि राज्य कसे चालवावयाचे हे त्यांस ठाऊक होते. कागद गेला तरी कारभार टिकू शकतो याचे हे उदाहरण होय. याच्या उलट स्थितीचे उदाहरण पुढे एका शतकाने पाहावयास मिळते.

(२)

अठराव्या शतकात राज्याचा विस्तार झाला, तेव्हा मुखोद्गत ज्ञानावर कारभार चालणे अशक्य झाले. त्यातून पुण्याचे हुजूर दप्तर उभे राहिले. त्याचे दोन मुख्य भाग होते : चालते दप्तर व एकबेरीज दप्तर. चालते दप्तर प्रत्यक्ष फडणिसांच्या देखरेखीखाली असून त्यात फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा असत. सनदा व हुकूम फडातून निघत. महालोमहालच्या जमाखर्चाच्या अंदाजाचे काम बेहेड्यात होई. सरदारांच्या व फौजेच्या नेमणुकांचा हिशेब सरंजामाच्या शाखेत राही. एकबेरीज दप्तर नित्याच्या कामास लागत नसल्याने कायम पुण्यास असे. तेथे सर्व खात्यांचे जुने कागद कालानुक्रमाने लावले जात, त्यांचे तर्जुमे म्हणजे वार्षिक गोषवारे तयार होत आणि बाबवार खतावण्या घातल्या जात.

या रचनेतील मर्म विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. रोजकीर्द हा दिवसानुदिवसाचा कच्चा लेख होय. तिच्यात सर्व काही असते, आणि म्हणूनच नेमके हवे ते शोधणे कठीण असते. खतावणी तीच माहिती बाबवार लावते. तर्जुमा तिचा सारांश काढतो. नोंद, वर्गीकरण व सारांश या तीन पायऱ्या चढल्यावाचून माहितीचे उपयुक्त ज्ञान होत नाही, ही गोष्ट त्या काळच्या दप्तरदारांस पुरती अवगत होती.

प्रांतांतून येणारी माहिती खरी असावी म्हणूनही योजना होती. मोठ्या प्रांतांत कमाविसदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे आठ दरकदार असत. त्यांस दूर करण्याचा अधिकार कमाविसदारास नव्हता. फडणिसाच्या रोजकीर्दीवरून दप्तरदाराने खतावणी करावी व दरमहा गोषवारा हुजुरास पाठवावा, असा शिरस्ता होता. खालच्या अधिकाऱ्याने वरच्यापासून माहिती दडवू नये, यासाठी एकाच व्यवहाराची नोंद परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक हातांतून जाईल अशी ही तजवीज होती.

मात्र या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली वतनसंस्थेतून उत्पन्न झालेली होती. गावचा कुलकर्णी व परगण्याचा देशपांडे हे लेखनाचे वंशपरंपरागत धनी. गावचे दप्तर त्यांच्या घरी असे व ते त्यांच्या वतनाचा आधार असे. ज्या ज्ञानावर आपले पोट व मान अवलंबून आहे ते ज्ञान कोणीही सहजासहजी दुसऱ्याच्या हवाली करीत नाही. त्यामुळे शासनास गावाची सर्वांत बारीक माहिती या घराण्यांच्या मर्जीनेच मिळत असे. दुसरी उणीव राज्याच्या माथ्यावर होती. नाना फडणिसांनी हुजूर दप्तराची शिस्त वाढविली हे खरे. परंतु राजकारणातील पुष्कळसा महत्त्वाचा पत्रव्यवहार त्यांच्या खाजगी संग्रहात राहिला. वाईजवळील मेणवलीच्या वाड्यातील दप्तर पुढे इतिहासाचे बहुमोल साधन ठरले. पण त्याचा अर्थ असाही आहे की, जमाखर्चाचे ज्ञान संस्थेच्या ताब्यात आणि राजकारणाचे ज्ञान व्यक्तीच्या ताब्यात, अशी विभागणी झालेली होती.

कागदांचेही नेहमी रक्षण होई असे नव्हे. १७६३ त निजामाच्या फौजेने पुणे लुटले तेव्हा पेशव्यांच्या कुटुंबाबरोबर चीजवस्तू व कागदपत्रे सिंहगडी नेली जात होती. गडाखालील गाव शत्रूने जाळले, त्यात अनेक राजकीय कागद नष्ट झाल्याची नोंद ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात केली आहे.

(३)

१७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. पुढच्याच वर्षाच्या शेवटी नाना कैदेत पडले आणि सुटून आल्यावर १३ मार्च १८०० रोजी मरण पावले. पुढील अठरा वर्षांत दप्तराची जी अवस्था झाली तिचे वर्णन, इंग्रजी अमलाच्या आरंभी दप्तराचा ताबा घेणाऱ्या कॅप्टन मॅक्लिऑडने केले आहे. दप्तराकडे दुर्लक्ष झाले, इतकेच नव्हे तर लोकांस त्यातील कागद नेऊ दिले गेले, असे त्याचे सांगणे आहे.

या ऱ्हासाचा दोष केवळ बाजीरावाच्या स्वभावास देऊन भागणार नाही. या काळात महाल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली, हे एल्फिन्स्टनच्या अहवालात नमूद आहे. मक्तेदारास ठरलेली रक्कम भरावयाची असे. पीक, लागवड, सूट, बाकी यांच्या तपशिलाशी हुजुरास कर्तव्य उरले नाही आणि मक्तेदारास तो तपशील कळविण्यात स्वारस्य नव्हते. ज्या माहितीवर निर्णय घ्यावयाचा नाही, ती माहिती जमविण्याचा शिरस्ता फार काळ टिकत नाही. दप्तर ओस पडण्याचे हे खरे कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दप्तर बिघडले म्हणून पेशवाई बुडाली, असा याचा अर्थ मात्र नाही. पेशवाई बुडण्याची कारणे लष्करी व राजकीय होती. परंतु राज्य आतून कसे पोकळ होत होते, याचे दप्तर हे विश्वसनीय लक्षण होते, इतके निश्चित म्हणता येईल.

(४)

१८१८ नंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. इनामे व सरंजाम यांविषयी एल्फिन्स्टनने जे धोरण स्वीकारले त्याच्या अंमलबजावणीसाठी कोणाकडे काय आहे, हे कळणे अगत्याचे होते. कागद होते, ते समजणारी माणसे पांगली होती. पुढे इनामांच्या चौकशीचा व्याप वाढत गेला आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला वैधानिक आधार मिळाला. कमिशनने हुजूर दप्तराबरोबरच सरदार, देशपांडे, कुलकर्णी यांजकडील असंख्य कागद एकत्र केले. आजही पुण्याच्या दप्तरखान्यात 'जमाव' या नावाने ओळखला जाणारा विभाग या संग्रहाची साक्ष देतो.

येथे ज्ञान व सत्ता यांचा संबंध उघडा होतो. ज्याला आपला हक्क कागदाने सिद्ध करता येत नसे त्याच्या इनामावर गदा येई. आणि तो कागद बहुधा सरकारच्याच हाती असे. घराण्यांनी पुढे आपली दप्तरे माळ्यावर व तळघरांत दडवून ठेविली, इतिहाससंशोधकांसही ती दाखविण्यास ते कचरत. या भीतीचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे. शिवाय कमिशनने कागदांची मांडणी आपल्या प्रयोजनास, म्हणजे महसूल व इनाम यांच्या निर्णयास, अनुसरून केली. त्यामुळे राजकीय महत्त्वाची पत्रे हिशेबांच्या रुमालांत विखुरली गेली. कागद नष्ट न होताही त्यांतील ज्ञान दुष्प्राप्य होऊ शकते, हे यावरून दिसते.

त्यातच हे दप्तर दीर्घकाल अभ्यासकांस बंद होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये पेशव्यांच्या रोजनिशीवर जे विवेचन केले ते वाडांनी काढलेल्या निवडक उताऱ्यांच्या आधारे. राजवाडे यांनी तर सरकारी दप्तराचा नाद सोडून गावोगाव हिंडून घराण्यांची दप्तरे मिळविली; 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ त निघाला व पुढे ती बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे याच प्रयत्नाचे संस्थारूप होय. सरकारी दप्तराचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले तेव्हा. तीस हजारांहून अधिक रुमालांच्या मानाने हे ४५ खंड म्हणजे अल्पांशच होत.

(५)

आज कागदांच्या संगणकीय प्रतिमा घेणे सुलभ झाले आहे व ते कार्य अवश्य झाले पाहिजे. परंतु प्रतिमा घेतल्याने कागद टिकतो. ज्ञान टिकतेच असे नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या पत्रावर 'सबैन मया व अलफ' अशी सालाची नोंद असते. हा शुहूर सन ११७०. त्यात ५९९ मिळविल्यास इसवी सन १७६९ येतो. पण हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने पत्र जानेवारीनंतरचे असल्यास साल १७७० धरावे लागते. महिना मात्र मुसलमानी चांद्रमानाचा असतो. त्यातच मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही, आणि हिशेबी कागदांत शब्दांची संक्षिप्त रूपे सर्रास आढळतात. हे सर्व ज्या कारकुनास शिकवावे लागत नव्हते, त्याच्या पंगतीस बसून जे आपोआप येत होते, ते आज प्रत्येक विद्यार्थ्यास नव्याने मिळवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकविली जात होती. त्यानंतर ती मालिका तुटली आणि मोडी सहज वाचणाऱ्यांची संख्या रुमालांच्या मानाने नगण्य राहिली.

म्हणून विद्यापीठांच्या इतिहास विभागांपुढील कर्तव्य दुहेरी आहे. विषयवार सूची करणे हे पहिले. कारण आजची मांडणी महसुली प्रयोजनाची आहे, संशोधनाची नव्हे. दुसरे कर्तव्य याहून निकडीचे : वाचणारी माणसे तयार करणे व जाणत्या वाचकांचे संकेतज्ञान ते हयात असतानाच टिपून ठेवणे. सूचीचे काम दहा वर्षांनीही करता येईल. पण ज्येष्ठ मोडीवाचकाबरोबर जे जाते ते दहा वर्षांनी कोणत्याही यंत्रातून परत काढता येत नाही.

१६८९ त कागद गेले आणि माणसांनी राज्य सावरले. १८१८ त कागद राहिले, पण माणसे पांगल्याने ते पुन्हा समजून घेण्यास अनेक पिढ्या खर्ची पडल्या. या दोन प्रसंगांवरून निघणारा निष्कर्ष आजच्या कोणत्याही कचेरीस, उद्योगास वा विद्यापीठास लागू आहे. संस्थेने दप्तर अवश्य सांभाळावे. परंतु नव्या माणसाने जुन्या माणसाजवळ बसून काम शिकण्याची परंपरा राखली नाही, तर सांभाळलेले दप्तर तिच्या स्वतःच्याच उपयोगी पडत नाही.